ढगाला वळसा

मे महिन्याच्या अखेरीस दुपारी चारच्या सुमारास राजघाटाच्या पायऱ्यांवर उभे राहिले की तापीपलीकडे पांढरे ढग पिंजलेल्या कापसासारखे चढताना दिसतात. तासाभरात त्यांचा तळ काळा होतो, माथा ऐरणीसारखा पसरतो, थंड वारा सुटतो आणि वळीव कोसळतो. आपल्या भागातील केळीच्या बागा या वाऱ्याने कशा आडव्या होतात हे बऱ्याच पालकांनी सोसलेले आहे. याच ढगाजवळ विमान गेले तर काय होते, तो आजच्या पाठाचा विषय.

तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर चढते. उंचीवर ती थंड होते, तिच्यातील वाफेचे थेंब बनतात आणि असे होताना उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने हवा आणखी जोराने वर जाते. पाऊस व गारा पडू लागल्या की त्यांच्यासोबत थंड हवा वेगाने खाली येते. जमिनीवर आपटून चहूकडे पसरते तोच आपल्या बागा पाडणारा वारा. म्हणजे एकाच ढगात वर जाणारा आणि खाली येणारा असे दोन प्रवाह शेजारी-शेजारी असतात. प्रवासी विमान मिनिटाला सुमारे 13 किलोमीटर जाते. एका प्रवाहातून दुसऱ्यात शिरायला त्याला काही सेकंदच लागतात. हे हादरे ढगाबाहेरच्या मोकळ्या दिसणाऱ्या हवेतही बसू शकतात.

वरून उडून जावे, असे कुणी म्हणेल. पण आपल्याकडच्या उन्हाळी गर्जन-मेघाचा माथा 15 किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो आणि प्रवासी विमाने साधारण 10 ते 12 किलोमीटर उंचीवर उडतात. म्हणून वैमानिकांचा नियम वळसा घालण्याचा आहे. जोरदार वादळी ढगापासून निदान 20 सागरी मैल, म्हणजे सुमारे 37 किलोमीटर दूर राहावे. राजघाटापासून असीरगड जितका दूर, त्याच्या जवळजवळ दुप्पट!

ढग शोधण्यासाठी विमानाच्या नाकात रडार असते. पडद्यावर हलका पाऊस हिरवा, मध्यम पिवळा आणि जोराचा लाल दिसतो. पण रडारच्या लहरी पाण्याच्या थेंबांवरून चांगल्या परततात, कोरड्या गारांवरून व हिमकणांवरून कमी. त्यामुळे ढगाचा वरचा भाग आहे त्यापेक्षा सौम्य भासू शकतो, आणि दाट पावसामागे दडलेला दुसरा ढग तर दिसतच नाही. पडद्याकडे पाहणारा माणूस जाणता लागतो तो यासाठी.

आता एक खरी घटना. 1 मे 2022 रोजी, महाराष्ट्र दिनीच, स्पाइसजेटचे बोइंग 737 विमान मुंबईहून पश्चिम बंगालमधील दुर्गापूरला निघाले. बंगालमध्ये हा काळबैशाखीचा, म्हणजे तिकडच्या वळवाचा मोसम. (याच मोसमात, 2 मे 1953 रोजी, कोलकात्याहून उडालेले कॉमेट जेट विमान वादळात सापडून मोडले व त्यातील सर्व 43 जण गेले.) दुर्गापूरसाठी खाली उतरताना विमान तीव्र हादऱ्यांत सापडले. स्वयंचलित चालन सुटले आणि दोन मिनिटे वैमानिकांनी ते हाताने सांभाळले. विमान उतरले, पण 14 प्रवासी आणि 3 कर्मचारी जखमी झाले होते. जखमी प्रवाशांपैकी एकाचा सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला.

त्या दोन मिनिटांचा हिशेब तपासात मिळाला. विमानावरचा भार अधिक 2.64 जी ते उणे 1.36 जी असा बदलला. जी म्हणजे आपले रोजचे वजन. 50 किलोच्या मुलाला अधिक 2.64 ला आपण 132 किलोचे झालो असे वाटेल. उणे 1.36 ला तोच मुलगा 68 किलोच्या जोराने छताकडे फेकला जाईल. खाण्याची गाडी, पिशव्या, माणसे, सारे वर. पट्ट्याची सूचना कंटाळवाणी वाटते खरी, पण आकडे पाहा.

या प्रकरणातील एक गोष्ट आम्हाला हादऱ्यांहून मोठी वाटते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ऑगस्ट 2022 मध्ये मुख्य वैमानिकाचा परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित केला. ढग टाळण्याविषयी सहवैमानिकाने सुचवले होते आणि ते ऐकले गेले नाही, हे त्यामागचे एक कारण होते. धाकट्याने धोका बोलून दाखवणे आणि थोरल्याने ते ऐकणे, याचे वैमानिकांना वेगळे प्रशिक्षण दिले जाते. ढगात शिरल्यावर मात्र सांगण्यासारखे फारसे उरत नाही. वेग मर्यादेत ठेवायचा, पंख समतोल राखायचे आणि उंची थोडी कमी-जास्त झाली तरी तिच्यामागे धावायचे नाही.

कधी वळशाची वाटच बंद असते. 21 मे 2025 रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेले इंडिगोचे विमान पठाणकोटजवळ गारांच्या वादळासमोर आले. सीमेकडे वळण्याची परवानगी मिळाली नाही, लाहोरनेही नाकारली. परतायला जावे तर ढग अगदी जवळ आला होता. कर्मचाऱ्यांनी सर्वांत जवळच्या वाटेने श्रीनगर गाठायचे ठरवले. विमानाचे नाक गारांनी फुटले, पण आतील कुणालाही इजा झाली नाही.

सुट्टीतला अभ्यास: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि त्यांना 3 ने भागा. येणारे उत्तर म्हणजे ढगाचे किलोमीटरमधील अंतर. एकाच ढगाच्या पाच नोंदी वेळेसह वहीत लिहा आणि ढग जवळ येतो आहे की दूर जातो आहे ते ठरवा. नोंदी घराच्या आतूनच घ्याव्यात. गडगडाट कानी आला की घाटाच्या पायऱ्यांवर आणि पाण्यात कुणीही थांबू नये. पालकांनीही नाही.