घरचं डार्क चॉकलेट : खायचं वेगळं, विकायचं वेगळं

मैत्रिणींनो, राखी आणि दिवाळीच्या प्रदर्शनात 'घरगुती डार्क चॉकलेट' हमखास दिसतं. त्यातलं बरंचसं कसं तयार होतं, हे आपल्यातल्या अनेकींना माहीत आहे. बाजारातून कंपाऊंडची लादी आणायची, वितळवायची, साच्यात ओतायची आणि रंगीत कागदात गुंडाळायची. धंदा म्हणून त्यात वावगं काही नाही. पण त्याला 'आरोग्यदायी' म्हणायचं असेल, तर आधी लादीचं वेष्टन उलटं करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिली बहुतेक वेळा साखर असते, मग हायड्रोजनेटेड वनस्पती स्निग्धांश, आणि कोको त्याच्यानंतर.

खऱ्या चॉकलेटमध्ये स्निग्धांश असतो तो कोकोच्या बियांचाच, म्हणजे कोको बटर. ते महाग, म्हणून कंपाऊंडमध्ये दुसरं तूप-तेल येतं.

आता घरी करायची सोपी पद्धत बघू. कोको पावडर 60 ग्रॅम, खाण्याचं खोबरेल तेल 80 ग्रॅम, बारीक गूळ पावडर 60 ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे 50 ग्रॅम, चिमूटभर मीठ. गटाचा वजनकाटा वापरा, कोको पावडरला वाटीचा अंदाज चालत नाही. पावडर बिनसाखरेची हवी. दुधात घालायची गोड चॉकलेट पावडर वेगळी. वेष्टनावर 'अल्कलाइज्ड' लिहिलेलं नसेल तर उत्तम, कारण त्या प्रक्रियेत कोकोतले उपयोगी घटक बरेच कमी होतात.

पातेल्यात थोडं पाणी गरम करा, वर दुसरं कोरडं भांडं ठेवा आणि त्यात खोबरेल पातळ करा. गॅस बंद करा. कोको आणि गूळ दोन्ही चाळून घाला, गुठळी राहू देऊ नका. मीठ, शेंगदाणे घालून ताटलीत थापा आणि फ्रिजमध्ये ठेवा. तासाभरात वड्या पाडता येतात.

इथे एक गोष्ट जपायची, ती म्हणजे पाणी. ओला चमचा, झाकणावरून पडलेला वाफेचा थेंब, एवढ्यानेही मिश्रण घट्ट गोळा होऊन बसतं. मध घातला की तेल सुटतं, तेही त्यातल्या पाण्यामुळेच. गूळ ओलसर असेल तर पुरणाला चालेल, इथे नाही. गूळ तेलात विरघळत नाही, त्यामुळे दाताखाली थोडी कचकच लागणारच. कारखान्यात कोको आणि साखर यंत्रात तासन्‌तास वाटतात, आपल्या मिक्सरला ते जमत नाही.

250 ग्रॅमच्या 25 वड्या पाडल्या तर एका वडीत साधारण अडीच ग्रॅम गूळ आणि तीन ग्रॅमच्या वर तेल जातं. म्हणजे रोज एक-दोन पुरे. गूळ हीसुद्धा साखरच. 'गुळाचं आहे, शुगरवाल्यांना चालतं' असं कुणी विचारलं तरी सांगू नका. खोबरेलही पौष्टिक म्हणून वाटेल तेवढं खायची गोष्ट नाही. (आणि घरातल्या कुत्र्याला तुकडाही देऊ नका, कोको त्याला विषारी आहे.)

ही वडी स्टॉलवर मात्र नेऊ नका. खोबरेल साधारण 24 अंशालाच पातळ होतं, दुपारच्या मांडवात ट्रेमध्ये नुसता काला उरेल. शिवाय नियमाप्रमाणे चॉकलेटमधला मुख्य स्निग्धांश कोको बटरच असावा लागतो, म्हणून या पदार्थाला 'कोको-खोबरेल वडी' म्हणणंच बरोबर.

विकायचं असेल तर खोबरेलाच्या जागी कोको बटर घ्या, ते 34 अंशाच्या आसपास वितळतं. त्याला एक जादा काम लागतं. मिश्रण 45 अंशापर्यंत तापवायचं, ढवळत 27-28 वर आणायचं, पुन्हा 31 पर्यंत नेऊन साच्यात ओतायचं. अन्नाचा थर्मामीटर हवाच, बोट बुडवून हे कळत नाही. सुरीच्या टोकावर थोडं घेऊन पाहा. काही मिनिटांत चकचकीत सुकलं तर जमलं. पांढुरके डाग आले तर बहुतेक वेळा ती बुरशी नसते, तापमान चुकल्याने तूप वर आलेलं असतं. खायला चालतं, पण गिऱ्हाईक घेणार नाही.

आता दराचं. कोको बटरमुळे खर्च कंपाऊंडच्या कितीतरी वर जातो. सामान, गॅस, वेष्टन आणि आपली मजुरी धरून एका तुकड्याचा खर्च काढा, मग भाव ठरवा. शेजारच्या स्टॉलवर कंपाऊंड स्वस्तात मिळत असेल, तर भाव पाडू नका, घटकांची यादी गिऱ्हाइकापुढे ठेवा.

पाकिटावर अन्न नोंदणी क्रमांक, घटक, वजन, किंमत, बनवल्याची आणि वापराची अंतिम तारीख, हिरवं चिन्ह हे सगळं लागतं. शेंगदाणे असतील तर ते ठळक लिहा, काहींना त्याची ॲलर्जी असते. पाकिटावर गटाबरोबर प्रभागसंघाचं नाव छापणार असाल, तर पहिल्या खेपेआधी नमुना आणि घटकांची यादी मासिक बैठकीत आणून दाखवा.