कटिंग किती मिळतं, ते आधी विचारा

नीट-पीजीचा निकाल लागला की ज्युनिअर मुलामुलींचे फोन सुरू होतात. "सर, ऑप्थॅल्म घेऊ का? रात्रीच्या ड्यूट्या कमी असतात ना?" मी उलट विचारतो, "त्या कॉलेजात रेसिडेंटला कटिंग किती मिळतं?" कटिंग म्हणजे स्वतःच्या हाताने शस्त्रक्रिया करायची संधी.

माझं एमएस नावाजलेल्या कॉलेजात झालं. ओपीडी तुडुंब भरायची, पण फाको (मशीनने होणारी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया) सगळे सरच करायचे. आम्ही शेजारी बसून बुबुळावर पाणी सोडायचो. डिग्री हातात आली आणि नोकरीच्या पहिल्याच मुलाखतीत प्रश्न आला, स्वतंत्र केसेस किती केल्या? सांगण्यासारखं काही नव्हतं. बरोबरीचे मित्र दवाखाने थाटत होते तेव्हा मी तुटपुंज्या पगारावर फेलोशिप करत होतो.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बघून येत नाही. भिंगाची मागची कॅप्सूल मध्यभागी जेमतेम चार मायक्रॉन जाडीची असते. ती फाटली की मागचा जेलीसारखा व्हिट्रियस पुढे येतो, आणि त्या क्षणी काय करायचं हे हातालाच ठाऊक असावं लागतं. म्हणून कॉलेज निवडताना विभागप्रमुखांना नव्हे, तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला गाठा. एसआयसीएस (लहान छेदातून हाताने होणारी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया) स्वतः किती केल्या, वेट लॅबमध्ये बोकडाचे डोळे मिळतात का, शिबिराचे पेशंट येतात का, हे विचारा. एसआयसीएसला कमी लेखू नका. तिला फाकोचं महागडं मशीन लागत नाही. खेड्यातली म्हातारी माणसं मोतीबिंदू पिकून तपकिरी, दगडासारखा झाल्यावर येतात, तेव्हा तीच कामी येते. तुमचा फाको अर्ध्यावर अडला तरीही.

रेटिनोस्कोपी मात्र पहिल्याच वर्षी पक्की करा. चष्म्याचा नंबर काढणं हे ऑप्टोमेट्रिस्टचं काम, असं म्हणणारे डॉक्टर लहान मुलांच्या तपासणीत अडकतात.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. ब्रँच घेण्याआधी स्वतःचे डोळे तपासून घ्या. एक डोळा लहानपणापासून आळशी असेल तर मायक्रोस्कोपखाली खोलीचा अंदाज नीट येत नाही.

घरच्यांशीही मोकळेपणी बोला. एमबीबीएसची साडेचार वर्षं, इंटर्नशिपचं एक, एमएसची तीन, शिवाय प्रवेश परीक्षेची तयारी, बाँड आणि बहुधा फेलोशिप. मायक्रोस्कोप आणि फाको मशीनचं कर्ज त्यानंतर. बहिणीचं लग्न किंवा वडिलांची निवृत्ती तुमच्या कमाईवर अवलंबून असेल, तर हा हिशेब काउन्सेलिंगच्या आधीच कागदावर मांडा.