खडक आणि पाणी

वाशीम जिल्ह्यातील एखाद्या शेतात विहीर खणावयास घेतली, की प्रथम काळी माती लागते, मग मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. तेथे पहार चालत नाही. सुरुंग लावावा लागतो. पुष्कळदा एका विहिरीला भरपूर पाणी लागते आणि शेजारच्या शेतात तितकेच खोल खणूनही विहीर कोरडी राहते. लोक त्याला दैव म्हणतात. परंतु त्याचे कारण खडकाच्या जन्मात दडलेले आहे.

काळा पाषाण हा अग्निजन्य खडक होय. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून पृथ्वीच्या पोटातील तप्त शिलारस बाहेर आला, दूरवर पसरला आणि थिजला. त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. या थरांनी महाराष्ट्राचा बहुतेक भाग व्यापला आहे. रस थिजताना त्यातील बारीक स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतले. अशा घट्ट पाषाणातच अजिंठ्याची लेणी कोरली गेली. त्यांतील अनेक लेणी पाचव्या शतकात, वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम येथील वाकाटक शाखेचा राजा हरिषेण याच्या काळातील आहेत.

परंतु जो घट्टपणा शिल्प टिकवून धरतो, तोच पाण्याला थारा देत नाही. या खडकात पाणी राहते ते केवळ भेगांत, दोन थरांच्या सांध्यांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात. विहिरीला भेग लागली तर पाणी लागले, नाही तर श्रम वाया गेले.

वाशीम जिल्ह्याच्या दक्षिणेकडून वाहणारी पैनगंगा पुढे पूर्वेस जाऊन वर्धा नदीस मिळते. तेथे वणी व घुग्गुसच्या परिसरात निराळे खडक आढळतात. वालुकाश्म हा त्यांपैकी एक. तो गाळाचा खडक होय. प्राचीन नद्यांनी वाहून आणलेली वाळू थरावर थर साचली, वरच्या भाराने दबली आणि पाण्यातील क्षारांनी सांधली गेली. त्याच काळी गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा दगडी कोळसा झाला. तो २५ कोटी वर्षांहूनही जुना आहे. गाळाच्या थरांत पानांचे ठसे सापडतात. तप्त शिलारसात पान कोठून टिकणार?

वालुकाश्माच्या कणाकणांत सूक्ष्म पोकळ्या असतात. पावसाचे पाणी त्यांत शिरते आणि साठून राहते. काळ्या पाषाणाच्या नशिबी अशी कोठी नाही. मात्र त्याच्याच झिजेतून कापूस पिकविणारी काळी माती झाली, हे त्याचे देणे लहान नव्हे.

म्हणून वाशीमसारख्या प्रदेशात केवळ खोल खणून भागत नाही. ओढ्याला बांध घालून, उतारावर चर खणून पावसाचे पाणी मुरमात जिरवावे लागते. शिवाय दोन शेजाऱ्यांच्या विहिरींना एकाच भेगेचे पाणी येत असेल, तर एकाने अतोनात उपसा केला की दुसऱ्याची विहीर आटते. शेताचा बांध जमिनीवर असतो. खडकातील भेग तो बांध जाणत नाही.

स्वाध्याय

१. शेजारच्या दोन विहिरींपैकी एकीलाच पाणी का लागते?
२. गाळाच्या खडकात पानांचे ठसे का सापडतात?
३. ‘खडकातील भेग बांध जाणत नाही’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. आपल्या गावातील विहिरीत मातीपासून खडकापर्यंत कोणते थर दिसतात, ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.