शहाणी बुद्धी भुलते कशी ?

॥ राम कृष्ण हरि ॥

बुवाबाजीचे एखादे प्रकरण उघडकीस आले की चार माणसांत हटकून एक उद्गार निघतो : “अहो, त्यात शिकलेसवरलेले लोकसुद्धा होते म्हणे !” या उद्गारात आश्चर्य असते. अडाणी माणूस भुलला तर नवल नाही, पण डॉक्टर, वकील, प्राध्यापक भुलले याचे लोकांना नवल वाटते. आमचे म्हणणे असे की, यात नवल वाटावे असे फारसे काही नाही. शिक्षणाने माणसाच्या हाती धारदार सुरी येते, परंतु ती कोणत्या बाजूने चालवावयाची हे शिक्षण ठरवीत नाही. ते ठरविणारा कोणी निराळाच आत बसलेला असतो. तो कोण, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

घरचे उदाहरण घेतले की ऐकणाऱ्याचे रागलोभ जागे होतात, म्हणून प्रथम दूर देशीची एक गोष्ट घेऊ. सर आर्थर कॉनन डॉइल हे नाव पुष्कळांना ठाऊक असेल. शेरलॉक होम्स नावाचा जगप्रसिद्ध गुप्तहेर त्यांनीच कथांतून निर्माण केला. स्वतः ते डॉक्टर होते. बुटावरच्या चिखलावरून माणूस कोठून आला हे सांगणारा होम्स ज्याच्या डोक्यातून निघाला, त्याचे डोके कमी दर्जाचे कोण म्हणेल ?

इंग्लंडात ब्रॅडफर्ड शहराजवळ कॉटिंगली नावाचे खेडे आहे. तेथे १९१७ साली एल्सी नावाची सोळा वर्षांची मुलगी आणि फ्रान्सिस नावाची तिची नऊ वर्षांची मावसबहीण या दोघींनी एल्सीच्या वडिलांचा कॅमेरा नेऊन ओढ्याकाठी छायाचित्रे काढली. त्यांत मुलींच्या समोर पंख असलेल्या चिमुकल्या पऱ्या नाचताना दिसत होत्या. वडिलांना पोरींची खोडी वाटली. आईला मात्र खरे वाटले. होता होता ती छायाचित्रे डॉइलसाहेबांच्या हाती गेली. त्यांनी १९२० च्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’ मासिकात ती लेखासह छापविली आणि १९२२ मध्ये त्यावर एक पुस्तकच लिहिले. पऱ्या खरोखरच आहेत, हा त्यांचा निष्कर्ष ! टीकाकारांनी दाखवून दिले की या पऱ्यांची केशरचना पॅरिसच्या चालू फॅशनची दिसते. पण साहेब ढळले नाहीत.

१९८३ साली, दोघी म्हाताऱ्या झाल्यावर, खरे काय ते बाहेर आले. मुलांच्या एका पुस्तकातील चित्रे पाहून पऱ्या कागदावर काढल्या, कातरीने कापल्या आणि टोपीला लावावयाच्या टाचण्यांनी जमिनीत उभ्या केल्या, इतकेच. पाच छायाचित्रांपैकी एक खरे आहे असे फ्रान्सिस शेवटपर्यंत म्हणत राहिली, पण बाकीची दोघींनी बनावट म्हणून कबूल केली. एवढ्या मोठ्या माणसाने विश्वास ठेवल्यावर खरे सांगण्याची आपल्याला लाज वाटू लागली, असे एल्सीने सांगितले. पाहा, भुलणारा जितका थोर, तितके खोटे अधिक टिकते !

हे झाले कसे ? डॉइल यांना मृतात्म्यांच्या विषयाची ओढ फार पूर्वीपासून होती. त्यात पहिल्या महायुद्धात जखमी झालेला त्यांचा मुलगा किंग्जली १९१८ च्या ऑक्टोबरात आजारात गेला आणि १९१९ च्या फेब्रुवारीत धाकटा भाऊही गेला. दिसणाऱ्या जगापलीकडे काही आहे आणि गेलेले आपले माणूस तेथे आहे, हे सिद्ध व्हावे अशी तळमळ ज्याच्या मनात पेटलेली आहे, त्याच्यापुढे पऱ्यांचे चित्र आले. मग त्याने ते पारखून पाहिले नाही, नुसते उराशी धरले. या दुःखाला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्याच्या घरचा दिवा विझला त्यालाच अंधार कळतो.

पण गोष्ट येथे थांबत नाही. १९२२ च्या जून महिन्यात अमेरिकेत अटलांटिक सिटी येथे डॉइल यांच्या पत्नीने हूडिनी या विख्यात जादूगाराच्या मृत आईचा आत्मा बोलाविला म्हणून त्याच्या नावाने पानेच्या पाने मजकूर लिहिला. मजकूर इंग्रजीत आणि वर क्रूसाची खूण. हूडिनीची आई ज्यू धर्मगुरूची पत्नी, तिला इंग्रजी धड येत नव्हते ! हूडिनीने मजकूर मान्य केला नाही. यावर डॉइलसाहेबांचे उत्तर तयार होते : आत्म्याचे विचार लिहिणाऱ्या माध्यमाच्या भाषेतून उतरतात. पुढे तर, मी हातचलाखी करतो असे हूडिनी स्वतः सांगत असता, त्याच्या अंगी दैवी शक्ती आहे आणि तो ती लपवितो, असेही ते म्हणत राहिले.

एखाद्या भोळ्या शेतकऱ्याला असे उत्तर सुचले नसते. इंग्रजीचा घोटाळा पाहून तो गप्प बसला असता, मनातून तरी शंकित झाला असता. उत्तर सुचावयाला बुद्धी लागते. आमच्या मते या विषयाचे मर्म येथेच आहे. बुद्धी न्यायाधीश आहे असे आपण समजतो. पुष्कळ वेळा ती वकील असते. पक्षकार आत बसलेला असतो, तो फी देतो, आणि वकील त्याची बाजू मांडतो. वकील जितका हुशार, तितका खोटा खटला जास्त दिवस चालतो. शहाणा माणूस भुलला तर अडाण्यापेक्षा उशिरा जागा होतो, याचे कारण हेच.

हा आतला पक्षकार तीन वेषांत येतो. एक शोक, दुसरा भय आणि तिसरा मान. शोकाचे उदाहरण वर आलेच. पुढची दोन आपल्या घरची आहेत, तेव्हा वाचकांनी ती सबुरीने ऐकावी.

भयाचे घ्या. जादूटोणाविरोधी कायद्याची चर्चा महाराष्ट्रात बरीच वर्षे चालली होती. त्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. तो होण्यापूर्वी आपल्या वारकरी मंडळींत, त्यांत चांगले जाणते लोकही होते, एक धास्ती पसरली होती की आता वारी बंद होणार, कीर्तनावर गदा येणार. प्रत्यक्षात यात्रा, प्रदक्षिणा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असे त्या कायद्यातच स्पष्ट लिहिले आहे. त्याने मनाई केली ती निराळ्याच गोष्टींना. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे ही त्यांपैकी एक. विधेयकाचे कागद वाचावयास मिळत होते. परंतु भय वाचू देत नाही. भय फक्त ऐकावयास लावते आणि ऐकलेले पुढच्या दिंडीत सांगावयास लावते.

मानाचे उदाहरण याहून कठीण. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य म्हटलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरीतच उपोषण केले आणि मग ते दार उघडले. त्याच्या विरोधात उभे होते ते काही निरक्षर नव्हते. शास्त्राचे आधार काढणारी मंडळी त्यांत होती. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. तिला हात जोडावयाचे आणि चोखोबांच्या भावंडांना आत येऊ द्यावयाचे नाही, यातली विसंगती शेंबड्या पोरालाही दिसावी. विद्वानांना ती दिसली नाही, कारण तिच्यावर घालावयाला त्यांच्याजवळ वचनांच्या शाली पुष्कळ होत्या. माणसाच्या स्पर्शाने देव विटाळतो, याहून अविवेकी समजूत दुसरी कोणती ? पण तिच्या तळाशी उच्चपणाचा मान होता, आणि तो सुटत नव्हता.

गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रद्धेचे सात्त्विक, राजस, तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याचे अंतःकरण जसे, तशी त्याची श्रद्धा, असेही तेथे म्हटले आहे. याचा अर्थ लक्षात घ्यावा. आधी अंतःकरण, मग श्रद्धा, आणि युक्तिवाद सर्वांच्या मागून. आपण मात्र समजतो की आधी विचार केला आणि मग विश्वास ठेवला. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे मोजताना पहिले लक्षण पाठांतर नाही की तर्क नाही, ‘अमानित्व’ आहे. मान सुटल्यावाचून ज्ञानाची सुरुवातच होत नाही.

आता कोणी म्हणेल, “महाराज, हे सारे खरे, पण आम्हाला प्रचीती आली त्याचे काय ? आमच्या गावच्या मांत्रिकाने सापाचे विष उतरविलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.” आमचे उत्तर असे. तुम्ही पाहिले ते खोटे नाही, त्याचा लावलेला अर्थ चुकला. आपल्याकडे माणसाच्या जिवावर बेतणारे मुख्य साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. आढळणाऱ्या सापांपैकी बहुसंख्य बिनविषारी असतात. शिवाय विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. तेव्हा मांत्रिकाकडे गेलेल्यांपैकी पुष्कळजण मंत्राशिवायही जगणारच होते. ते जगले की बाराही महिने गावात फिरून मांत्रिकाचे नाव गातात. ज्याच्या अंगात खरोखर विष भिनले तो दगावला, त्याला मात्र “आयुष्याची दोरी तुटली” म्हणून सोडून देतात. जमेची बाजू मांडली, खर्चाची लिहिलीच नाही, मग वही नफाच दाखविणार !

आषाढीची वारी ऐन पावसाळ्यात येते. दिंडीचा मुक्काम माळावर, शेताच्या बांधाला पडतो. मण्यार रात्री निजलेल्याला चावते, आणि दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही. अशा वेळी चार शहाणी माणसे “आधी मंत्र टाकून घेऊ” म्हणत तास घालवतील, तर एखाद्या घरचा वारकरी परत जाणार नाही. विषावरची लस दवाखान्यात मिळते आणि ती जितकी लवकर तितकी गुणकारी. पांडुरंगाचे नाव तोंडाने घ्यावे आणि पायांनी दवाखाना गाठावा. नाव घेत जाण्याला कोणी डॉक्टर हरकत घेत नाही.

एक प्रश्न उरतो. काही जाणते लोक विचारतात की, विटेवरच्या पाषाणात देव पाहणे हीसुद्धा अशीच समजूत नव्हे काय ? प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला राग हे उत्तर नाही. आम्ही असे म्हणतो की भक्ती आणि भूल यांतला फरक मागणीवरून ओळखावा. भुलीला काहीतरी हवे असते. गेलेला मुलगा, नोकरी, शत्रूचा नाश, नाहीतर आपल्या मोठेपणाचा पुरावा. म्हणून ती प्रश्नाला भिते. संतांनी नवससायासांवर कोरडे ओढले, अंगात आणणाऱ्यांना फटकारले, ते याचसाठी. काही न मागता जो विठोबासमोर उभा राहिला, त्याला फसविण्यासाठी भोंदू काय दाखविणार ? गळाला आमिष लागते, आणि इच्छाच नसेल तर आमिष नाही. ज्याची भक्ती मागणारी, त्याने मात्र सावध असावे, मग गळ्यात माळ असो की हातात पदवी.

यावर उपाय काय ? तो आपल्या परंपरेत पूर्वीच सांगून ठेवला आहे. संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचे डोके थोपटून मडकी तपासली, ही कथा प्रत्येक वारकऱ्याला तोंडपाठ आहे. नामदेवराय म्हणजे देवाशी बोलणारा भक्त, आणि नेमके त्यांचेच मडके कच्चे निघाले ! ते रागावले, दुखावले. अशा वेळी त्यांच्या बुद्धीने वकिली केली असती तर कारणे थोडी होती काय ? “मला कच्चा ठरविणारा हा कुंभार कोण ?” एवढे एकच पुरले असते. पण ते विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांनी गुरू केला. नामदेवरायांचा थोरपणा आम्हाला येथे दिसतो. आपले मडके वाजवून पाहू देणे, आणि बद्द वाजले तर ते मान्य करणे.

तेव्हा वाचकहो, एखादी अद्भुत गोष्ट फार पटू लागली की मनाला तीन प्रश्न विचारावेत. हे खरे निघावे असे मला का वाटते ? हे खोटे असेल तर ते मला कशावरून कळेल ? आणि मी चुकतो आहे असे तोंडावर सांगणारा कोणी मी जवळ ठेवला आहे काय ? पहिल्या प्रश्नाने आतला पक्षकार सापडतो. दुसऱ्याने वकिलाची बोलती बंद होते. तिसरा सर्वांत महत्त्वाचा, कारण आपलेच मडके आपल्याला वाजवता येत नाही. गोरोबाकाका प्रत्येक गावात असतात. कधी ती घरची सून असते, कधी शाळेत जाणारा नातू, कधी देव न मानणारा शेजारी. त्यांनी थापटणे उचलले की आपण डोके मागे घेतो.

एवढे डोके पुढे करता आले तर विद्येचे सार्थक झाले म्हणावे.

॥ पुंडलीकवरदा हरि विठ्ठल ॥