पर्णपुच्छ पाल

भिंतीवरची पाल कोणास ठाऊक नाहीं? तिची एक नातलग केवळ मादागास्कर बेटाच्या पूर्वेकडील दाट रानांत आढळते. बुलेंजर ह्या प्राणिशास्त्रज्ञांनीं १८८८ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. डोळ्यांवरील शिंगांसारख्या टोकांमुळें इंग्रजींत तिला सैतानाचें नांव मिळालें. आम्हांस तो अन्याय वाटतो. शेपूट हुबेहूब वाळक्या पानासारखें, कडेला किडीनें कुरतडल्यासारख्या खांचासुद्धां! दिवसा ती निश्चल असते, रात्रीं किडे टिपते. पापण्या मिटत नाहींत, म्हणून डोळे जिभेनें पुसते. ह्या सोंगानें शत्रु फसतात. कुऱ्हाड फसत नाहीं. भातशेतीसाठीं तेथें रानें तोडून जाळतात. २००४ सालीं तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध ठरले. रानतोड त्यांच्या कक्षेंत येत नाहीं.