रक्ततपासणी प्रयोगशाळेतील नोंदपद्धती : एक पुनर्विचार

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेला आज रक्ततपासणीची जोड मिळाली आहे. प्रमेहाचे निदान व औषधाची मात्रा आपण पुष्कळदा अहवालातील एका आकड्यावरून ठरवितो. परंतु तो आकडा ज्या नोंदवहीतून येतो, तिची परीक्षा क्वचितच होते. म्हणून रुग्णालयीन प्रयोगशाळेतील जुन्या नोंदपद्धतीचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

अनुक्रमांक, नाव, वय, तपासणी, निष्कर्ष व शुल्क एवढेच रकाने असलेल्या नोंदवहीत पुढील उणिवा राहतात.

१) ओळख : एकाच नावाचे दोन रुग्ण एकाच सकाळी आल्यास अहवालांची अदलाबदल संभवते. नावासोबत नोंदणी क्रमांक असावा व नळीवरील चिठ्ठी रुग्णासमोरच लावावी.

२) काळ : साध्या नळीतील रक्तपेशी शर्करा वापरीतच राहतात. सामान्य तापमानात ती दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. सकाळी ८ वाजता १४० मि.ग्रॅ. असलेली उपाशीपोटीची शर्करा ११ वाजेपर्यंत १२० किंवा त्याहूनही खाली येईल. निदानाची मर्यादा १२६ असल्याने प्रमेही रुग्ण निरोगी ठरेल! फ्लोराइडयुक्त नळीतही पहिल्या एक-दोन तासांत ही घट पूर्णतः थांबत नाही. म्हणून रक्त घेतल्याची व तपासल्याची, अशा दोन्ही वेळा नोंदवाव्यात.

३) नमुन्याची अवस्था : रक्तकण फुटले असल्यास पोटॅशियम वाढल्याचा आभास होतो. तसा शेरा अहवालावर अवश्य असावा.

४) दुरुस्ती : खाडाखोड करू नये. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारून शेजारी योग्य आकडा, सही व दिनांक लिहावा. संगणकावरही मूळ आकडा नाहीसा होऊ नये.

५) गंभीर निष्कर्ष : दूरध्वनीवरून कळविताना ऐकणाऱ्याकडून आकडा परत वदवून घ्यावा, त्याचे नाव व वेळ नोंदवावी.

वैद्यकीय प्रयोगशाळांसाठीचे आय.एस.ओ. १५१८९ हे मानक २००३ साली प्रथम प्रसिद्ध झाले व २०२२ मध्ये सुधारले गेले. लहान प्रयोगशाळेस मानांकन परवडले नाही, तरी वरील रकाने आखण्यास केवळ एक पट्टी व पेन्सिल पुरते.

आपलीही जबाबदारी आहेच. तपासणीच्या चिठ्ठीवर चालू औषधे, भस्मे व रसकल्पांसह, वैद्यांनी लिहावीत. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेने काही पद्धतींच्या थायरॉइड तपासण्या चुकतात. औषधालयचालकांनी ग्राहकास याची जाणीव द्यावी. लक्षणे व अहवाल यांचा मेळ बसत नसेल, तर औषध बदलण्यापूर्वी नोंदवही पाहावी, हीच आमची व्यवसायबंधूंना विनंती.