मुलींची बांबूउडी : गणित व शारीरिक शिक्षण यांचा एक संयुक्त पाठ
(इयत्ता सहावी व सातवीसाठी)



२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईतील नेरूळ येथे महिलांच्या विश्वचषक क्रिकेट स्पर्धेचा अंतिम सामना झाला आणि भारतीय संघाने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून तो चषक प्रथमच जिंकला. त्यानंतर पनवेल व उरण बाजूच्या ज्या ज्या शाळांस मी भेट दिली, तेथे मुली बॅट मागताना दिसल्या. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु मुलींस मैदान आपोआप मिळाले असे नाही, हे त्यांना कळावयास हवे. आणि आपणां शिक्षकांस तर ते अधिकच कळावयास हवे. ह्या दृष्टीने बांबूउडीसारखा दुसरा बोलका खेळ नाही. यास्तव प्रस्तुत पाठ त्याच खेळावर बेतला आहे.

१. शिक्षकांसाठी पूर्वमाहिती

लांब काठी टेकून अडथळा ओलांडणे ही पाणथळ प्रदेशातील जुनी युक्ती आहे. नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतात चर ओलांडण्याच्या ह्या युक्तीचा खेळ झाला असून तेथे काठीच्या साहाय्याने पाण्यावरून लांब उडी घेतात. आपल्याकडील खाजणात व मिठागरांतही ओहोटीच्या वेळी काठी रोवून चर ओलांडणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

मैदानी स्पर्धेत मात्र लांबीऐवजी उंची मोजतात. खेळाडू किमान ४० मीटरांच्या धावपट्टीवरून वेगाने येते, काठीचे टोक जमिनीत बसविलेल्या २० सेंटिमीटर खोल पेटीत रोवते, काठी वाकते, आणि ती सरळ होत असता खेळाडू पाय वर व डोके खाली अशा स्थितीत आडव्या दांडीवरून पलीकडे जाडजूड गादीवर पडते. प्रथम काठी लाकडाची व बांबूची होती, पुढे धातूची आली आणि १९६० च्या सुमारास काचतंतूंची लवचीक काठी प्रचारात आली. काठीची लांबी किती असावी, ह्यास नियमाचे बंधन नाही.

आता तारखा पाहू. आधुनिक ऑलिंपिक स्पर्धा १८९६ साली अथेन्स येथे सुरू झाल्या आणि पुरुषांची बांबूउडी त्या पहिल्याच स्पर्धेत होती. महिलांना तिचे दार उघडले ते २००० साली, सिडनी येथे. त्याआधी एक वर्ष, १९९९ मध्ये, सेव्हिल येथील जागतिक मैदानी अजिंक्यपद स्पर्धेत महिलांची बांबूउडी प्रथम घेण्यात आली. ह्या दोन्ही स्पर्धा अमेरिकेच्या स्टेसी ड्रॅगिला हिने ४.६० मीटर उंची ओलांडून जिंकल्या. स्त्रियांचे खांदे व दंड ह्या खेळास पुरे पडणार नाहीत, असा समज दीर्घकाळ होता. ज्यांना काठीच हाती दिली नाही, त्यांच्या खांद्यांविषयीचा हा निर्णय होता!

२. पुण्यात झालेली स्पर्धा

ही गोष्ट दूरदेशीची आहे असे मुलांनी समजू नये. पनवेलहून घाट चढून गेल्यावर पुण्यानजीक बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. तेथे ३ ते ७ जुलै २०१३ ह्या काळात विसावी आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धा भरली होती. तीत महिलांच्या बांबूउडीचे सुवर्णपदक चीनच्या ली लिंग हिने ४.५४ मीटर उडी घेऊन मिळविले. पुढे २०१५ मध्ये वूहान येथील त्याच स्पर्धेत तिने ४.६६ मीटर उंची गाठली.

आपल्या देशातील महिलांत तमिळनाडूच्या व्ही. एस. सुरेखा हिने २०१४ मध्ये ४.१५ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. तो आठ वर्षांनी, २०२२ च्या गांधीनगर येथील राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत, तमिळनाडूच्याच रोझी मीना पॉलराज हिने ४.२० मीटर उडी घेऊन मोडला. पाच सेंटिमीटरसाठी आठ वर्षे! हे वाक्य फळ्यावर अवश्य लिहावे.

३. पाठाची मांडणी

(अ) भिंतीवरील खुणा. शाळेच्या बाहेरील भिंतीवर पट्टीने मोजून १ मीटर, २ मीटर अशा खुणा कराव्यात. ४.५४ मीटर म्हणजे सुमारे १५ फूट. ही उंची बहुतेक शाळांत छपराच्या कडेपेक्षाही अधिक भरेल. तेव्हा ती नारळाच्या झाडावर किंवा ध्वजस्तंभावर दाखवावी. “येथून एक मुलगी पलीकडे गेली,” एवढेच सांगावे व क्षणभर थांबावे. पुढील पाठ त्या खुणेकडे पाहतच होईल.

(आ) वजाबाकी. १८९६ ते २००० ही वर्षे किती? उत्तर १०४ येईल. मुलींस विचारावे, “तुमच्या आजीच्या आजीच्या काळापासून हा खेळ होता, मग त्या कोठे होत्या?” उत्तर आपण सांगू नये.

(इ) दशांश अपूर्णांक. ४.१५, ४.२०, ४.५४, ४.६०, ४.६६ ह्या संख्या क्रम बदलून द्याव्यात व चढत्या क्रमाने लिहावयास सांगाव्यात. ४.६ व ४.६० ह्यांत फरक नाही, ही गोष्ट येथे चांगली ठसते.

(ई) वेगाचे गणित. हे शिक्षकांच्या माहितीसाठी आहे. वरच्या वर्गातील चौकस मुलांस सांगता येईल. धावण्याचा वेग उंचीत कसा बदलतो? सेकंदास ८ मीटर वेग घेतल्यास त्याचा वर्ग ६४ होतो. त्यास १९.६ ने भागले असता सुमारे ३.२७ मीटर येतात. धावताना शरीराचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे १ मीटर उंच असतोच. बेरीज ४.२७ झाली. ह्यापुढील उंची उसळीच्या व दंड-खांद्यांच्या बळावर मिळवावी लागते. तात्पर्य, ही उडी मुख्यतः धावण्यातून येते. आणि धावणे तर आपल्या मुलींस शिकवावे लागत नाही.

(उ) गुणपत्रक वाचणे. प्रत्येक उंचीस खेळाडूला तीन संधी असतात. उडी साधली तर ०, चुकली तर × असे लिहितात. ओळीने तीन चुका झाल्या की खेळाडू बाद होते. पुढील काल्पनिक पत्रक फळ्यावर काढावे.

शारदा : ४.०० ला ० ; ४.१५ ला × ०, ४.३० ला × × ×
मंदा : ४.०० ला × ०, ४.१५ ला × ०, ४.३० ला × × ×

दोघींची उत्तम उडी ४.१५. मग पहिली कोण? नियम असा की, शेवटी ओलांडलेल्या उंचीवर जिच्या चुका कमी, ती वरचढ. तेथेही बरोबरी असल्यास त्या उंचीपर्यंतच्या सर्व चुका मोजाव्यात. शारदेची एक चूक, मंदाच्या दोन. म्हणून शारदा पहिली.

आता मुलांचे लक्ष शेवटच्या रकान्याकडे वेधावे. जिंकणाऱ्या शारदेपुढेही तीन फुल्या आहेत. ती आपणहून थांबली नाही, तर ह्या खेळात विजेतीचाही शेवट चुकलेल्या उडीनेच होतो. परीक्षेत एक गणित चुकले म्हणून पाटी झाकणाऱ्या मुलास ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

ह्याचे खरे उदाहरण म्हणून रशियाच्या येलेना इसिनबायेव्हा हिची हकीकत सांगावी. लहानपणी ती व्यायामविद्येच्या कसरती करीत असे. वयाच्या पंधराव्या वर्षी उंची वाढल्याने तो मार्ग सुटला व ती बांबूउडीकडे वळली. २००५ मध्ये लंडन येथे पाच मीटर उंची ओलांडणारी ती पहिली स्त्री ठरली. परंतु ऑगस्ट २००९ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत तिला एकही उंची साधली नाही. ४.७५ ला एक व ४.८० ला दोन, अशा तीन फुल्या घेऊन ती मैदानाबाहेर आली. त्या दिवशीचे सुवर्णपदक ४.७५ लाच मिळाले होते. त्यानंतर अकराव्या दिवशी झुरिच येथे तिने ५.०६ मीटरचा नवा जागतिक विक्रम केला.

४. मैदानावर काय करावे, काय करू नये

बांबू व दांडी घेऊन ही उडी शाळेच्या पटांगणात कदापि घेऊ नये. योग्य गादी, पेटी व जाणकार मार्गदर्शक ह्यांवाचून मान व पाठ ह्यांस गंभीर इजा होऊ शकते. मात्र तिची पूर्वतयारी प्रत्येक खेड्यात होऊ शकते. वीस-तीस मीटरांची धाव, वाळूतील लांब उडी, दोरीस लोंबकळणे व चढणे ह्यांतून हीच अंगे तयार होतात. डोके खाली व पाय वर करून अंग तोलण्याची कला तर आपल्या मल्लखांबात मुरलेली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ती नावारूपास आणली, आणि दोरीच्या मल्लखांबावर महाराष्ट्रातील मुलींनी नाव मिळविले आहे. जेथे जाणता शिक्षक असेल तेथे ह्याचा उपयोग करावा.

वाळूच्या हौद्यावर सैल दोरी धरून लहान उंचीची उडी घ्यावी. प्रत्येकास तीन संधी द्याव्यात व पत्रक मुलांकडूनच भरवून घ्यावे. पत्रकात वर्गातील प्रत्येक मुलाचे व प्रत्येक मुलीचे नाव असावे.

ह्या शेवटच्या वाक्यामागे माझा एक अपराध आहे. १९९३ च्या सुमारास मी खाडीकाठच्या एका शाळेत सहशिक्षक होतो. सातवीतील एक मुलगी उघाडीजवळचा चर काठी रोवून सहज ओलांडी; मुलगे वळसा घालून येत. तालुक्याच्या क्रीडास्पर्धेसाठी लांब उडीची यादी करताना मी तिचे नाव लिहून खोडले. मुलगी मोठी झाली आहे, घरचे काय म्हणतील, असा विचार मीच केला. घरच्यांना विचारले नाही. स्पर्धा झाल्यावर तिची आई मिठागरावरून परतताना शाळेच्या दारात थांबली. “गुरुजी, पोरीचं नाव लिहायचं राहिलं का?” तिने विचारले. माझ्याकडून विसर पडला असेल, एवढेच तिला वाटले होते. मी “होय” म्हणालो. पुढे ती मुलगी आठवीस गेली नाही.

ती किती लांब उडी मारू शकली असती, हे आता कोणासही सांगता येणार नाही. चुकलेल्या उडीची निदान फुली तरी पत्रकात राहते. जिचे नावच यादीत नाही, तिच्यापुढे फुलीही पडत नाही.

५. स्वाध्याय

(१) ४.५४ मीटर व ४.२० मीटर ह्यांतील फरक सेंटिमीटरमध्ये काढा.
(२) आपल्या वर्गाच्या उंच उडीचे पत्रक तयार करून पहिले तीन क्रमांक नियमानुसार ठरवा.
(३) आपल्या आईस किंवा आजीस विचारा : तुम्ही शाळेत असताना कोणता खेळ खेळत होता? तो केव्हा व का सुटला? उत्तर पाच ओळींत लिहा.

तिसऱ्या प्रश्नाच्या वह्या शिक्षकांनी स्वतः वाचाव्यात. आगामी क्रीडास्पर्धांच्या याद्या करण्यापूर्वी त्या वाचल्यास अधिक बरे.